डाव्या मडगार्डचा इतिहास

३ मार्च, रविवार. संध्याकाळ.

आज सकाळी चर्चमध्ये आठच्या मिस्साची घंटा वाजवली, मिस्सा संपल्यावर वेदीवरच्या मेणबत्त्या विझवल्या आणि तसाच चालत प्रादेल्ली मोटार कारखान्याच्या संग्रहालयात गेलो. दार उघडल्यावर आत शिरणारा पहिला माणूस मीच. चौदा नंबरच्या लाल गाडीपाशी उभा राहिलो. पहारेकरी कॉफी आणायला वळला, तेवढ्यात खिशातलं कार्ड काढलं आणि गाडीच्या चौथऱ्यावर डाव्या बाजूला चिकटवलं. पोस्टकार्डाच्या निम्मं. स्वतःच्या हातानं, चांगल्या अक्षरात लिहिलेलं:

या गाडीचा पुढचा डावा मडगार्ड लेआर्को बेदेस्की यांनी जून १९५८ मध्ये, शर्यतीच्या आदल्या दिवशी, सहा तासांत हातानं ठोकून सरळ केला.

लेआर्को बेदेस्की म्हणजे माझे वडील. चेपलेला मडगार्ड त्यांनी सरळ केला, दुसऱ्या दिवशी गाडी डोंगरावरची शर्यत जिंकली आणि तिथून प्रादेल्ली हे नाव जगाला कळलं. हे त्यांनी मला लहानपणापासून, दर रविवारी, तोर्तेल्लिनी खाताना सांगितलं आहे.

ही चोरी नव्हे. चोरी म्हणजे काहीतरी उचलून नेणं. मी ठेवून आलो.

४ मार्च, सोमवार.

काल लिहायचं राहिलं. ही रोजनिशी का सुरू केली, तर इतिहासकारानं रोजनिशी ठेवावी म्हणून. सप्टेंबरात कारखान्याला पंचाहत्तर वर्षं होतात. फादर सिल्व्हेरिओंनी चर्चच्या पत्रकासाठी कारखान्याच्या इतिहासावर एक पान मागितलं आहे. एका पानात पंचाहत्तर वर्षं! पण फादर मूळचे किनाऱ्याकडचे, त्यांना होड्यांतलं कळतं.

मी ग्रंथ लिहिणार. तीनशे पानं. चोवीस प्रकरणं, आठवड्याला एक. ऑगस्टअखेर तयार. टाइल्सच्या कारखान्यात माझी भट्टीवरची पाळी दोनला संपते, म्हणजे अडीच ते सात लेखन. रविवारी फक्त देवाचं काम.

मोरेनाला (बायको) सांगितलं. ती म्हणाली, आधी गटर साफ कर, पानं अडकून पाणी भिंतीत उतरतंय. मी म्हटलं, पानंच लिहिणार आहे. हसली नाही.

१० मार्च, रविवार.

सुरुवात कुठून करावी? गावच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, इतिहास सुरुवातीपासून सांगावा, मधूनच घुसू नये. म्हणून पहिलं प्रकरण: लोखंड. देवानं पृथ्वीच्या पोटात ते का ठेवलं असावं, इथून. थोरले मालक प्रादेल्ली आधी नांगराचे फाळ करायचे, तेव्हा हे सयुक्तिकच आहे.

चार ओळी झाल्या. त्यांतल्या तीन चांगल्या.

१९ मार्च, मंगळवार. संत जोसेफचा सण.

कार्ड पाहून आलो. जागच्या जागी आहे. सोळा दिवस!

संग्रहालयाच्या प्रमुख सिगिनोल्फीबाई यांना मी दोन वर्षांत तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर. बेदेस्कीसाहेब, आपल्या भावनांचा आदर आहे, परंतु मडगार्ड आपल्या वडिलांनी ठोकल्याचा काही कागदोपत्री पुरावा आहे का? पत्रा ठोकणारा माणूस कागद ठेवतो का? पत्रा हाच त्याचा कागद. पण हे त्यांना सुचायला हवं होतं.

आता कार्ड समोर आहे आणि त्यांनी ते काढलेलं नाही. म्हणजे त्यांनी मनातून मान्य केलं आहे. मोठी माणसं चूक उघडपणे कबूल करत नाहीत, न काढून करतात.

७ एप्रिल, रविवार.

पहिलं प्रकरण अजून चालू. अकरा पानं. रोमन लोकांच्या रथाच्या चाकापर्यंत आलो आहे. वेळापत्रकाप्रमाणे आज पाचवं प्रकरण संपून १९५८ यायला हवं होतं. पण घाईनं लिहिलेला इतिहास म्हणजे कच्ची भाजलेली टाइल. पाय पडला की तडकते.

गटर राहिलं. पाऊस होता. कोरड्या दिवशी करणं शहाणपणाचं.

२५ एप्रिल, गुरुवार. सुट्टी.

आर्जियामावशींकडे गेलो. वय चौऱ्याऐंशी. कारखान्यात सीटचं कातडं शिवायच्या. पहिल्या पिढीतलं आता त्यांच्याशिवाय कुणी उरलं नाही. नवरा ओतेल्लो, तोही कारखान्यात पत्रेकाम करायचा, वारून वीस वर्षं झाली. सप्टेंबरातल्या समारंभात मावशींना चाकाच्या खुर्चीतून चौदा नंबरच्या गाडीपाशी नेणार आहेत. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत त्या संग्रहालयात गेल्याच नाहीत.

वही-पेन घेऊन बसलो. त्यांना विचारलं, थोरले मालक कसे होते? म्हणाल्या, कंजूष. कॉफीची पूड दोनदा उकळायचा मेला. विचारलं, कारखान्याचं ध्येय काय होतं? म्हणाल्या, आमचं ध्येय साडेपाचला घरी जायचं होतं. विचारलं, पहिली शर्यत जिंकली तेव्हा काय वाटलं? म्हणाल्या, पाय दुखत होते, नवीन सँडल होते.

साक्षीदार वृद्ध आहे. निवडून घ्यावं लागेल. मडगार्डचं मुद्दामच विचारलं नाही. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालू नये.

१२ मे, रविवार.

कार्डाचा एक कोपरा सुटला होता. खिशातल्या डिंकानं दाबला. शेजारी तोरिनोची एक सहल होती. त्यांच्या मास्तरीणबाईंनी कार्ड मोठ्यांदा वाचून दाखवलं. एका माणसानं वाकून मडगार्डवरून बोट फिरवलं (मनाई आहे) आणि म्हणाला, सहा तासांत! काय हात असतील!

मी काही बोललो नाही. नम्रता आमच्या घरातच आहे. वडिलांसाठी मेणबत्ती लावली.

ग्रंथ: चौदा पानं. रथ संपला. बैलगाडी सुरू.

१६ जून, रविवार. रात्रीचं जेवण झालं नाही.

शांतपणे लिहायचं आहे.

आमच्या गावात प्रादेल्लीची गाडी शर्यत जिंकली की चर्चची मोठी घंटा वाजते. पूर्वी वडील वाजवायचे, गेली अकरा वर्षं मी. गेल्या चार वर्षांत एकदाही वाजली नाही. यात माझी चूक नाही.

आज जिंकली. सहा तासांची शर्यत, सव्वा मिनिटानं पहिली. मी मनोऱ्यात मोबाइलवर बघत होतो. वडिलांच्या घंटेच्या वहीवर त्यांच्या हातचा नियम लिहिलेला आहे: कारखान्यातून फोन येईपर्यंत दोरीला हात लावू नये. पण तो काळ रेडिओचा. आता डोळ्यांनी दिसतं. गाडीनं रेषा ओलांडली आणि मी दोरी ओढली. १९५८ ला वडिलांनी पहिली घंटा अकरा मिनिटं वाजवली होती. मीही बरोबर अकरा मिनिटं वाजवली. खाली लोक घरांतून बाहेर आले. बारवाल्या व्हाल्तेरनं चौकात लाम्ब्रुस्को वाइनच्या बाटल्या उघडल्या. म्हाताऱ्या बायका रडल्या. मी वरून बघत होतो. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्यही सुचलं.

चाळीस मिनिटांनी फोन आला. गाडी वजनात तीन किलो कमी भरली. शर्यतीतून बाद.

फादर जिने चढून वर आले. त्यांना दम लागला होता, तरी बोलले. म्हणाले, एर्मेस, घंटा मेल्यावर वाजते, जन्मल्यावर वाजते, लग्नाला वाजते. कुणी मरायच्या, जन्मायच्या, लग्न करायच्या आधी वाजत नाही. मग मनोऱ्याची किल्ली मागितली.

किल्ली त्यांच्याकडे सुरक्षित राहील. मला ग्रंथाला वेळ मिळावा हाही हेतू असावा. मिस्साची घंटा वाजवायला सकाळी देतील आणि परत घेतील.

१७ जून, सोमवार.

बारमध्ये गेलो. न जाणं म्हणजे चूक कबूल करणं. व्हाल्तेर म्हणाला, ये रे एर्मेस, माझी पोरगी अजून कुणाला हो म्हणत नाहीये, तू घंटा वाजवून टाक, बाकीचं आपोआप होईल. पत्ते खेळणाऱ्यांतला एक म्हणाला, तीन किलोच कमी ना? अरे, हा वरून उतरून गाडीत बसला असता तर भागलं असतं! सगळे हसले. कॉफी अर्धी टाकून आलो.

मोरेना म्हणाली, लोक दोन दिवस हसतात. मग म्हणाली, तुझ्या बाबतीत आठवडा धर.

२४ जून, सोमवार. सान जोव्हान्नीचा सण.

आज नोचिनोसाठी, म्हणजे अक्रोडाच्या दारूसाठी, हिरवे अक्रोड तोडायचे. आर्जियामावशींच्या झाडाचे दरवर्षी मीच तोडतो. शिडीवर होतो, त्या खाली टोपली घेऊन बसल्या होत्या. हात काळे झाले. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण मी पूर्ण शुद्धीवर होतो.

मावशींनी घंटेचा विषय काढला. म्हणाल्या, मनावर घेऊ नको पोरा, तुझा बाप घंटेच्या बाबतीत मात्र घड्याळ होता. फोनशिवाय हात लावायचा नाही. त्याला एकदाच अद्दल घडली होती.

विचारलं, कसली अद्दल? म्हणाल्या, मडगार्डची.

मी म्हटलं, मडगार्ड त्यांनी सरळ केला ना?

मावशी इतक्या हसल्या की टोपली कलंडली. म्हणाल्या, लेआर्कोनं? अरे, चेपला कुणी मग? शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडी ढकलत अंगणात काढत होते. लेआर्को स्टिअरिंगवर. मी शिवणखात्याच्या खिडकीत बसले होते, आणि तो समोर बघायचं सोडून खिडकीत बघत होता. गेली गाडी फाटकाच्या खांबावर! माझ्या ओतेल्लोनं सहा तास बसून तो पत्रा सरळ केला. लाकडाच्या ओंडक्यावर ठोकून ठोकून. संध्याकाळी त्याला चमचा धरता येईना. मी भरवलं. त्याच वर्षी लग्न झालं आमचं. थोरला मालक म्हणाला, हा बेदेस्की उद्या गाड्यांपासून शंभर पावलं लांब दिसला पाहिजे. मग त्याला चर्चच्या मनोऱ्यात फोनपाशी बसवला, निरोप घ्यायला. जिंकल्याचा फोन आला आणि यानं कुणी न सांगता घंटा वाजवली. ती पद्धत तिथून पडली.

मी शिडीवरच होतो. विचारलं, मग ते सगळीकडे सांगायचे तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत? म्हणाल्या, सांगताना लेआर्को किती खूश दिसायचा! आणि ओतेल्लोला बोलायचा कंटाळा. म्हणायचा, पत्रा सरळ झाला ना, मग नाव कुणाचं का असेना.

अक्रोड अर्धेच तोडले.

२५ जून, मंगळवार.

साक्षीदार वृद्ध आहे, हे मी एप्रिलातच नोंदवलं होतं.

२६ जून, बुधवार.

शिवाय स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलणारी बायको ही तटस्थ साक्षीदार नव्हे. मोरेनाला हे सांगितलं. ती म्हणाली, हो, मी तुझ्याबद्दल बोलताना बघ ना किती तटस्थ असते.

३० जून, रविवार.

घंटेची वही काढली. पहिलं पान मला तोंडपाठ आहे. वडिलांचं पेन्सिलीतलं अक्षर: २२ जून १९५८. पहिली घंटा. अकरा मिनिटं. हात सोलले. मालकांनी सांगितलंय, शंभर पावलं लांब.

शेवटचं वाक्य मी आजवर वडिलांच्या नम्रतेचं उदाहरण समजत होतो. विजयाच्या दिवशीसुद्धा गाडीपासून शंभर पावलं लांब राहणारा माणूस! दुसऱ्या प्रकरणात तसं लिहूनही ठेवलं होतं. दुसरं प्रकरण अजून यायचं आहे, पण ते वाक्य तयार होतं.

आता तेच वाक्य दुसरं काही सांगतं. पेन्सिलीत काहीच बदललेलं नाही.

७ जुलै, रविवार.

चर्चमध्ये पापाची कबुली दिली. म्हटलं, फादर, एक खोटं लिहिलं गेलं आहे, पण लिहिताना ते खरं होतं. फादरनी विचारलं, आता? म्हटलं, आता नाही. विचारलं, कुठे लिहिलंय? म्हटलं, एका ठिकाणी चिकटवलंय. फादर म्हणाले, मग सोपं आहे. काढ.

कबुलीच्या जाळीपलीकडून सगळं सोपं दिसतं.

पण ठरलं. कार्ड काढायचं. सप्टेंबरात मावशींची खुर्ची बरोबर त्या कार्डासमोर उभी राहणार. चष्मा लावून त्या वाचणार. ज्या बाईनं हात सुजलेल्या नवऱ्याला घास भरवला, तिनं तिथं माझ्या वडिलांचं नाव वाचायचं. हे माझ्या हयातीत होऊ द्यायचं नाही. या आठवड्यातच काढणार.

१४ जुलै, रविवार.

उकाडा. छत्तीस अंश. संग्रहालयात गर्दी असेल.

२१ जुलै, रविवार.

गर्दी नव्हती. जाऊन आलो. कार्डासमोर उभा राहिलो. पहारेकऱ्यानं नमस्कार केला. मला ओळखायला लागला आहे. ओळखीच्या माणसासमोर असं काम बरं दिसत नाही. शिवाय एक मुलगी आपल्या वडिलांना ते वाचून दाखवत होती. तिचे वडील मान हलवत होते. परत आलो.

ग्रंथ: बैलगाडीत अडकला आहे. यात आता थोडा माझाही दोष.

१५ ऑगस्ट, गुरुवार.

संग्रहालय बंद. दहा दिवस डागडुजी. माझा नाइलाज.

मोरेना शिडी लावून गटर साफ करत होती. म्हणाली, तू खाली उभा राहा, शिडी धर आणि इतिहासाचा विचार कर. धरली.

१ सप्टेंबर, रविवार.

गेलो. निश्चय करून गेलो. सकाळी मिस्साला देवाला तसं सांगितलं होतं. खिशात पातळ सुरी, पाण्याची छोटी बाटली, फडकं.

कार्ड नाही.

त्याच जागी पाटी आहे. अॅल्युमिनियमची, घासून चकचकीत, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. वर प्रादेल्लीचं चिन्ह. खाली कोरलेलं: या गाडीचा पुढचा डावा मडगार्ड लेआर्को बेदेस्की यांनी… शब्द न् शब्द माझा. खाली तेच इंग्रजीत, त्याखाली जर्मनमध्ये.

पहारेकरी आनंदानं म्हणाला, डागडुजीत केली. जुनं कार्ड फार कळकट झालं होतं. लोकांना हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

दोन वर्षं मी जे मागत होतो ते मिळालं होतं. जिन्यावर बसलो आणि बाटलीतलं पाणी प्यालो.

३ सप्टेंबर, मंगळवार.

सिगिनोल्फीबाईंना भेटायला गेलो. आधी वेळ घेतली, कोट घातला. पहिल्यांदाच त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, बेदेस्कीसाहेब, बसा ना, तुमच्या वडिलांची गोष्ट आम्ही स्मरणिकेत पान नऊवर घेतली आहे, तीन भाषांत.

म्हटलं, बाई, ती खोटी आहे. वडिलांनी मडगार्ड सरळ केला नाही. त्यांनी चेपला.

त्यांचा चेहरा बदलला. खुर्चीत मागे रेलल्या आणि म्हणाल्या, याचा काही कागदोपत्री पुरावा आहे का?

म्हटलं, वडिलांच्या वहीत आहे, शंभर पावलं लांब. म्हणाल्या, यात मडगार्ड शब्द कुठे आहे? म्हटलं, एक साक्षीदार आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांनंतरच्या आठवणीवर संस्थेला नोंद बदलता येत नाही. म्हटलं, बाई, पण ती नोंद तुम्ही घेतली कशावरून? म्हणाल्या, ती प्रदर्शनातच होती.

म्हटलं, प्रदर्शनात मी लावली होती. डिंकानं. कबूल करून टाकलं.

त्या हसल्या. पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, कळतं मला. वडिलांबद्दल बोलताना आपण सगळेच फार नम्र होतो.

८ सप्टेंबर, रविवार.

फादरनी पत्रकाचं पान मागितलं. छपाई उद्या. ग्रंथाची चौदा पानं नेऊन दाखवली. फादरनी उभ्यानं चाळली आणि विचारलं, एर्मेस, यात गाडी कुठे आहे? म्हटलं, पुढे. म्हणाले, पुढे म्हणजे? म्हटलं, सुमारे दोन हजार वर्षांनी.

चर्चच्या मागच्या खोलीत बसवलं मला, कागद दिला आणि दार लोटून घेतलं. पाऊण तासात एक पान लिहिलं. नांगराच्या फाळांपासून सुरू केलं. थोरल्या मालकांची दोनदा उकळलेली कॉफी, नवीन सँडल, खांब, ओतेल्लो, ओंडका, चमचा. वडिलांबद्दल एकच वाक्य: त्या दिवशी लेआर्को बेदेस्की यांना गाडीपासून लांब ठेवण्यात आलं होतं, म्हणून घंटा वाजली.

फादरनी वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, हे आधीच का नाही लिहिलंस? म्हटलं, आधी मला इतकं माहीत नव्हतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार.

पत्रक आलं. माझं पान मागच्या बाजूला आहे. तोंबोलाच्या बक्षिसांची यादी मावेना म्हणून खालचा भाग कापला आहे. इतिहास आता "आणि आदल्या दिवशी गाडी" इथे संपतो. पुढे: पहिलं बक्षीस, अख्खा हॅम.

ओतेल्लोचं नाव हॅमच्या खाली गेलं.

परवा समारंभ. पाटी अजून तिथेच.

१४ सप्टेंबर, शनिवार. पहाटे.

स्क्रूड्रायव्हर घेतला. कारखान्यातला काळा पेनही घेतला. त्यानं टाइलच्या पाठीवर नंबर लिहितात, आणि तो भट्टीतसुद्धा जळत नाही. रात्रभर विचार करत बसलो नाही. झोप चांगली लागली. त्याचंच नवल वाटलं.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

सात वाजता मागच्या दारानं आत गेलो. खुर्च्या मांडणारे, फुलं लावणारे, वायरी ओढणारे सगळे होते. स्क्रूड्रायव्हर हातात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. गुडघ्यावर बसलो. चार स्क्रू काढले. चौथा निघेना, तर पहारेकऱ्यानंच येऊन पाटी धरली. म्हणाला, वाकडी बसली होती का? म्हटलं, हो.

पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. त्या काळ्या पेनानं लिहिलं: हा डावा मडगार्ड ओतेल्लो गिबेर्तीनी यांनी सरळ केला. जून १९५८. सहा तास.

तशीच परत लावली. चारही भोकं बरोबर जुळली. वडिलांचं नाव आता आत, गाडीच्या बाजूला. आज ते शंभर पावलांपेक्षा पुष्कळ जवळ आहेत.

अकराला भाषणं. कारखान्याच्या आताच्या परदेशी मालकांचं, महापौरांचं, सिगिनोल्फीबाईंचं. त्यांनी माझ्याकडे बघून वडिलांचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मग आर्जियामावशींची खुर्ची गाडीपाशी आणली. निळा झगा, केस सेट केलेले. त्यांनी सीटच्या शिवणीवरून हात फिरवला (त्यांना कोण मना करणार?) आणि म्हणाल्या, ही माझी नाही, ही नंतर कुणीतरी भसाभसा घातलीय. मग चष्मा मागितला. पाटी वाचली. पुन्हा वाचली. बराच वेळ ओतेल्लोच्या नावावर अंगठा ठेवून बसल्या.

मी मागे खुर्चीची मूठ धरून उभा होतो. त्यांनी मान वळवली आणि हळूच विचारलं, हे तू? म्हटलं, हो मावशी. त्यांनी माझ्या काळ्या झालेल्या बोटांवर थाप मारली. म्हणाल्या, छान दिसतंय रे त्याचं नाव.

मग म्हणाल्या, पण एर्मेस, तो उजवा होता.

म्हटलं, काय?

म्हणाल्या, मडगार्ड. उजवा. फाटकाचा खांब चर्चच्या अंगाला होता ना, बाहेर काढताना उजवीकडे. लेआर्कोला डावं-उजवं कधी कळलंच नाही बघ. म्हणून तर आपटला.

१५ सप्टेंबर, रविवार.

आठच्या मिस्साची घंटा वाजवली. मिस्सा संपल्यावर मेणबत्त्या विझवल्या. किल्ली फादरना परत द्यायला गेलो तर म्हणाले, राहू दे तुझ्याकडे. मग चालत संग्रहालयात गेलो. दार उघडल्यावर आत शिरणारा पहिला माणूस मीच.

पहारेकऱ्यानं विचारलं, पुन्हा वाकडी? म्हटलं, या वेळी शेवटची. तो कॉफी आणायला गेला. येताना माझ्यासाठीही आणली.

पाटी काढली. "डावा" खोडायला पाहिलं. भट्टीत न जळणारा पेन तो. खोडला गेला नाही. वर आडवी रेघ मारून "उजवा" लिहिलं. उजव्या बाजूला नवी चार भोकं पाडली आणि घट्ट बसवली.

डाव्या बाजूला जुनी चार भोकं तशीच राहिली. आत काही नाही. त्या मडगार्डला कधी काही झालंच नव्हतं.